गेनभाऊंचा जबाब

गेनभाऊ कुठलाही कागद मोठ्याने वाचल्याशिवाय त्यावर सही करत नसत. चष्मा कपाळावर सरकवायचा, उजव्या हाताचं बोट ओळीखाली धरायचं आणि आसपासच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचायचं. पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला तर त्याला उन्हात उभा ठेवून ते पोचपावती वाचत. मुलीच्या लग्नात नवरदेवाची वरात दाराशी आलेली असताना मांडववाल्याने सहीसाठी कागद पुढे केला, तोही त्यांनी सगळा वाचला. 'खुर्च्या मोडल्यास' या शब्दांशी थांबले आणि म्हणाले, "कुणी मोडल्यास? त्याचं नाव नको का लिवायला?"

ते आमच्या गावचे पोलीस पाटील होते. अंगावर गणवेश नाही, हातात काठी नाही. गावात काही घडलं की ठाण्याला कळवायचं आणि ठाण्यातून काही आलं की गावाला समजावून सांगायचं, एवढंच काम. मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. ते रोज सकाळी नऊ वाजता पेपर वाचायला येत. पेपरही मोठ्यानेच वाचत, त्यामुळे बाकीचे वाचक दहाच्या पुढे यायला शिकले होते. मला ते 'बाई' म्हणत. कायद्याचं एखादं कलम अडलं की विचारत, "बाई, ह्याचा सरळ अर्थ काय?" मी सांगे. मग ते म्हणत, "सरळ व्हता तर मग असा वाकडा का लिवला?"

एकदा चोरीच्या पंचनाम्यासाठी ठाण्यातून हवालदार आले होते. घाईत होते. पंच म्हणून दोघांच्या सह्या त्यांनी कोऱ्या कागदावर घेतल्या आणि कागद गेनभाऊंपुढे सरकवला. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. मजकूर नंतर ठाण्यात भरतात. गेनभाऊंनी चष्मा वर केला, कोऱ्या कागदावर बोट ठेवलं आणि बोट सावकाश शेवटपर्यंत फिरवलं.

"काय करताय, पाटील?" हवालदारांनी विचारलं.

"वाचतोय."

"कोरा आहे तो."

"तेच वाचलं. काय न्हाई असं लिवलंय. मग काय न्हाईवर सही कशी करू, राव?"

हवालदारांना तासभर बसून पंचनामा लिहावा लागला. ठाण्यात गेनभाऊंचं नाव त्यामुळे फारसं प्रेमाने घेतलं जात नसे.

आमचं गाव जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या हद्दीवर आहे. काही वर्षांपूर्वी हद्दीवरच्या एका विहिरीत एक प्रेत सापडलं. अर्धी विहीर या ठाण्याची, अर्धी त्या ठाण्याची. दोन्हीकडून फोनवर एकच उत्तर मिळत होतं, ते त्यांच्याकडे येतं. गेनभाऊ सकाळपासून विहिरीच्या काठावर बसून राहिले. दुपारी दोन्हीकडचे लोक आले आणि टेप लावून मोजायला लागले, तेव्हा ते म्हणाले, "मढ्याला तालुका नसतो, राव. वास दोन्हीकडं सारखाच जातो."

तो माणूस कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही. बाहेरून मजुरीला आलेला कुणीतरी. 'अनोळखी इसम' म्हणून त्याला जाळलं. दुसऱ्या दिवशी गेनभाऊ वाचनालयात आले ते पेपर न उघडताच बसले. म्हणाले, "बाई, त्याची कुणीतरी वाट बघत असंल. मी ह्या गावचा पाटील, आन् मला त्याचं नाव म्हाईत न्हाई."

त्याच दिवशी त्यांनी लांबट वही आणली. बाहेरून कामाला येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि घरच्यांचा फोन त्या वहीत उतरू लागला. हे त्यांच्यावर कुणी लादलं नव्हतं. नव्या माणसाला ते पहिलाच प्रश्न विचारत, "मेलास तर कुणाला कळवू?" लोक दचकत. ते समजावून सांगत, "आरं, मारत न्हाई मी तुला. तुझी काळजी करतोय."

मनिरुललाही त्यांनी तेच विचारलं होतं. तो बंगालातल्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातला, फरशी बसवणारा. तो हसला आणि म्हणाला, "पाटीलसाहेब, पहिले काम तर करू द्या." पाच वर्षं तो गावात होता. देवळाचा सभामंडप त्याने केला, वाचनालयाची फरशीही त्यानेच बसवली. फरशीची पातळी नीट आहे का हे बघायला तो गुडघ्यांवर बसून गाल जमिनीला टेकवत असे. त्याची बायको साहिदा टोमॅटो तोडायला जाई. तिला मराठी बरं येत होतं, त्याला कामापुरतं.

गेल्या वर्षी ठाण्यात नवे साहेब आले. तरुण, मृदू बोलणारे. त्यांनी गेनभाऊंना बोलावलं, समोर खुर्ची दिली, चहा दिला. "तुमच्या वहीबद्दल ऐकलंय, पाटील. अशी नोंद जिल्ह्यात कुणाकडे नसेल. आम्हाला फक्त बंगाली बोलणाऱ्यांची यादी हवी आहे. साधी पडताळणी आहे." तीस वर्षांच्या पाटीलकीत ठाण्यात त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती. ते परत आले तेव्हा चेहरा फुलला होता. मला म्हणाले, "बाई, शेवटी कामाची कदर व्हती कुठंतरी."

त्यांनी लेखी मागितलं नाही. साहेब तोंडी बोलले होते, वाचायला कागदच नव्हता. आयुष्यभर कोऱ्या कागदावर सही न करणाऱ्या माणसाने त्या दिवशी कागदाशिवायच आपली वही उघडून दिली.

यादीत एकच नाव निघालं, मनिरुलचं. साहिदा त्याच्याच नोंदीत 'बायको' म्हणून होती.

दोन दिवसांनी सकाळी जीप आली. देवळापाशी उभी राहिली, म्हणजे वाचनालयाच्या समोरच. मनिरुल घाबरला होता. गेनभाऊंनीच त्याला खोलीवरून आणलं. आधार, मतदानाचं ओळखपत्र, शाळेचा दाखला, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालायला लावलं. "समदं बरुबर घे. कागद असला की माणसाला भ्या न्हाई," असं सांगत ते त्याच्याबरोबर चालत आले. जीपच्या मागच्या फळीवर त्याला हात धरून बसवलं. साहिदा रडत होती. तिला म्हणाले, "येडी का काय! दोन प्रश्न इचारत्याल. संध्याकाळी परत येतोय तो."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला साहिदा त्यांच्या ओट्यावर येऊन बसली. तिसऱ्या दिवशीही आली. ठाण्यात विचारलं की पुण्याला नेलंय म्हणत, पुण्यात विचारलं की ठाण्यात विचारा म्हणत. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "पाटील, तुम्हीच बोलले ना, संध्याकाळी येणार. कुठली संध्याकाळ?" गेनभाऊंनी मला हे सांगितलं तेव्हा ते शब्द त्यांनी तिच्याच चालीत म्हटले. पुढे कितीतरी दिवस ते मध्येच थांबून तेच पुटपुटत.

सहाव्या दिवशी साहिदाला अनोळखी क्रमांकावरून मनिरुलचा फोन आला. त्याला विमानाने नेलं होतं. त्याची पिशवी आणि फोन काढून घेतले. पहाटे सरहद्दीच्या कुंपणापाशी उभं केलं आणि बंदूक दाखवून पलीकडच्या भाताच्या शेतात पिटाळलं. आता तो बांगलादेशातल्या कुणाच्या तरी गोठ्यात लपला होता. कुठल्याही न्यायाधीशापुढे त्याला उभं केलं नव्हतं. पिशवी कुणी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

मी गेनभाऊंबरोबर ठाण्यात गेले. या वेळी खुर्ची नव्हती.

"साहेब, हुकूम दाखवा," गेनभाऊ म्हणाले.

"कसला हुकूम?"

"माणूस देशाभाईर काढला, त्याचा. कुणीतरी सही केली असंल ना?"

"पाटील, ते वरून आलं होतं."

"वर म्हंजी कुठं? लेण्याद्री पण वरच हाय, साहेब. पण तिथं पायऱ्या हायेत. म्हातारं माणूस पण दम खात खात जातं आन् देवाला इचारून येतं. तुमच्या वरला पायऱ्या कुठं हायेत तेवढं दाखवा."

साहेब हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "पाटील, एका बांगलादेशीसाठी कशाला त्रास करून घेता?"

"त्यो बांगलादेशी हाय हे ठरवलं कुणी?"

"यादी तुमचीच होती की."

परत येताना नारायणगावच्या टोमॅटो बाजारापाशी एसटी बदलायची होती. तिथे वाट बघताना गेनभाऊ म्हणाले, "बाई, शेळी चोरीला गेली तरी मी कागद करतो."

मग माहिती अधिकाराचे अर्ज सुरू झाले. ते सांगत, मी लिहीत असे. प्रश्न एकच होता: हा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा व सहीचा कागद मिळावा. उत्तर आलं, 'सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.' गेनभाऊंनी ते वाचनालयात उभं राहून मोठ्याने वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. अपील केलं. अपिलालाही तेच उत्तर. गावात लोक टोमणे मारू लागले. "काय पाटील, तुमच्या पावण्याचं काय झालं?" कुणी म्हणे, "म्हातारपणी बंगाली शिकायचा इचार हाय जणू!"

सव्वा महिन्याने मनिरुल परत आला तो आमच्या कुणाच्या प्रयत्नाने नाही. मुर्शिदाबादकडच्या त्याच्या गावच्या पंचायतीने आणि पोलिसांनी त्याचे कागद शोधून काढले, सरहद्दीवर बोलणी झाली, आणि त्याला परत घेतलं. तो भारतीय होता. इतकंच सिद्ध झालं. इथून त्याला का नेलं यावर कुणीच काही म्हटलं नाही.

साहिदाला आणि फरशी कापायचं मशीन न्यायला तो एक दिवस गावात आला. बारीक झाला होता. गेनभाऊ त्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. मी सोबत होते.

"मनिरुल," ते म्हणाले, "ह्या गावात माझ्यापरीस मोठं सरकार न्हाई, आन् मोठं सरकार हितं यायचं न्हाई. म्हणून जे हाय ते मीच. सरकारचं चुकलं. माफ कर."

मनिरुलने वर पाहिलं नाही. मशीन गोणपाटात गुंडाळून त्याने सुतळीची गाठ मारली. साहिदा भांडी भरत होती. तिचाही हात थांबला नाही. मग आम्ही परत आलो. देवळावरून येताना पारावरच्या पोरांपैकी कुणीतरी ओरडलं, "गेला का आपला बांगलादेशी?"

त्या आठवड्यात गेनभाऊंनी मला शेवटचा कागद सांगितला. अर्ज नव्हता, जबाब होता. कुणी मागितलेला नव्हता. 'तोंडी सूचनेवरून मी माझी वही दाखवली. लेखी हुकमाची मागणी केली नाही. सदर इसमास मी स्वतः हात धरून जीपमध्ये बसविले. ही माझी चूक आहे. इतरांनी आपापली लिहून द्यावी.' मी म्हटलं, "भाऊ, शेवटचं वाक्य राहू द्या, पण आधीची नकोत. ते तुमच्यावरच उलटेल." ते म्हणाले, "कुणीतरी पहिली सही केल्याबिगर दुसरा कसा करंल?" त्यांनी जबाब मोठ्याने वाचला, सही केली आणि रजिस्टर पोस्टाने ठाण्याला पाठवला.

दुसऱ्या कुणी सही केली नाही. तिकडे बंगालात मनिरुलच्या बातमीचा गवगवा झाल्यावर चौकशी लागली. चौकशीला एक तरी कागद हवा होता, आणि त्या सगळ्या प्रकरणात नाव आणि सही असलेला एकच कागद अस्तित्वात होता. चौकशीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी गावातल्या पाच जणांचे जबाब घेतले. त्यांत मी होते. पोलीस पाटलांनी यादी दिली का? त्यांनीच जीपमध्ये बसवलं का? मी 'हो' लिहिलं. ते खरंच होतं. साहेबांनी काय सांगितलं, ठाण्यात काय बोलणं झालं, हे मला विचारलं नाही, आणि मीही न विचारलेलं लिहिलं नाही. चुकीची माहिती पुरवून शासनाची दिशाभूल केली, असा ठपका ठेवून गेनभाऊंना पाटीलकीवरून काढलं. तो हुकूम मात्र लेखी होता. साहेबांची बदली झाली, तीही चांगल्या ठिकाणी.

गेनभाऊंनी तो हुकूम माझ्याकडे आणला आणि म्हणाले, "तुमीच वाचा, बाई." त्यानंतर ते पेपर वाचायला आले नाहीत. चार महिन्यांनी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले.

आमच्या भागात दशक्रियेला माणूस कोण होता हे भाषणांवरून ठरतं. घाटावर मंडप, माईक, पुढाऱ्यांची रांग. बदलून गेलेले साहेब मुद्दाम आले होते. "गेनभाऊ म्हणजे कायद्याचं चालतंबोलतं पुस्तक," ते म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. कावळा शिवायची वाट बघत मीही तिथेच, बायकांत, मान खाली घालून बसले होते.

संध्याकाळी मी मुर्शिदाबादला फोन लावला. गेनभाऊंच्या वहीतला क्रमांक मी अर्जासाठी उतरवून घेतला होता. मनिरुलनेच उचलला. मी सांगितलं. पाटीलकी गेल्याचंही सांगितलं, ते त्याला माहीत नव्हतं. का काढलं, त्याने विचारलं. मी तेही सांगितलं. पलीकडे कुठेतरी फरशी कापण्याचा आवाज चालू होता, तो त्याने कुणाला तरी सांगून बंद करवला.

"सरकारचा एकच माणूस माझ्याजवळ माफी मागला, मॅडम," तो म्हणाला. "तोच तुम्ही लोकांनी काढून टाकला."