बाराच्या आधी लागलेला मासा

तामेकिची माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. शिरोनाइ बंदरात ट्यूना धरणाऱ्या एकोणतीस होड्या होत्या, त्यांतली सगळ्यात जुनी त्याची, काइशो-मारु. मी मच्छीमार सोसायटीच्या वजनकाट्यावर बसतो. आलेला मासा तोलतो, वजन वर प्रांताच्या कचेरीत कळवतो, आणि सगळ्या प्रांताचा मिळून ठरलेला कोटा भरला असं तिकडून आलं, की वायरलेसवरून तशी घोषणा करतो. या घोषणेमुळे गावात मला फारसं कोणी चहाला बोलावत नाही.

चव्वेचाळीस वर्षं तामेकिची होक्काइदोसमोरच्या सामुद्रधुनीत जात होता. माझी बहीण किनुएताई सुकाणूवर, तो मागे गळाची दोरी, तंगूस, धरून. नवरा-बायकोच्या होड्या आमच्याकडे पुष्कळ आहेत, पण इतकी मुकी होडी दुसरी नव्हती. त्याने डावं कोपर उचललं की ती होडी डावीकडे वळवायची. मासा लागला की दोन्ही कोपरं अंगाशी, म्हणजे इंजिन हळू. घरीही हेच. भाताचा वाडगा पुढे सरकवला की तिला समजायचं, आणखी हवाय. अर्धा सरकवला की अर्धा.

आमच्याकडे गळाला लागलेल्या माशाबद्दल बोलत नाहीत. शेपूट होडीच्या काठाच्या आत येईपर्यंत वायरलेस बंद, तोंड बंद. बोललं की आजूबाजूच्या होड्या गोळा होतात, त्यांचे तंगूस आपल्यात अडकतात, हे एक कारण. दुसरं कारण कोणी सांगत नाही. सांगितलं तर तेही बोलणंच झालं. तरुण मंडळी आता मासा पाण्यात असतानाच फोटो पाठवतात आणि त्यांचे मासे काही सुटत नाहीत. तामेकिची त्यांना काही म्हणायचा नाही. तो फक्त तसं करायचा नाही.

गेली दोन वर्षं त्याच्या होडीत मासा आला नव्हता. पहिल्या वर्षी किनाऱ्याच्या खालच्या अंगाला मोठ्या रोवलेल्या जाळ्यांत चार दिवसांत इतके ट्यूना शिरले, की सगळ्या प्रांताचा कोटा तिथेच संपला. आमचे लोक तेव्हा गळ घासून तयार करत होते. दुसऱ्या वर्षी मासा होता, पण त्याच्या वाट्याला आला नाही. असं होतं. त्याचं कोणाला उत्तर मागता येत नाही.

आता हा तिसरा हंगाम होता. आणि सोसायटीचा नियम असा, की सलग तीन हंगामांत ज्या होडीचा एकही मासा काट्यावर आला नाही, तिचा ट्यूनाचा परवाना जातो. मागे रांगेत लोक उभे आहेत म्हणून तो नियम. मीच तो टाइप केला होता. परवाना गेला की माणूस माकूल धरू शकतो, किनाऱ्याला समुद्रशेवाळ काढू शकतो. पण माकूल आता येत नाही, आणि शेवाळ काढणाऱ्याला आमच्याकडे कोणी मच्छीमार म्हणत नाही. एक मासा. तामेकिचीला एवढंच हवं होतं, लहान असता तरी चाललं असतं.

ऑक्टोबरच्या एकोणतीस तारखेला सव्वाअकरा वाजता वरून कागद आला. दुपारी बाराला बंद. हंगाम पूर्वी जानेवारीपर्यंत चालायचा. मी कागद दोनदा वाचला आणि माइक ओढला.

"सगळ्या होड्यांना. आज बारा वाजता ट्यूना बंद. बारानंतर लागलेला मासा सोडून द्यायचा. ज्यांच्या गळाला आता मासा आहे, त्यांनी बाराच्या आत होडीचं नाव सांगा, त्यांना तो आत घेता येईल. नाव न सांगितलेला मासा काट्यावर घेतला जाणार नाही."

मग सगळे एकदम बोलायला लागले.

"तोकुया, घड्याळ पुढे तर नाही ना तुझं?"

"काट्यावरचा माणूस तो. घड्याळसुद्धा हलकंच दाखवणार."

"वरच्यांना म्हणावं, एकदा इथे येऊन ओका, मग कोटा ठरवा."

मग दाइगोचा आवाज आला. चाळिशीचा, गावातला सगळ्यात बोलका गडी. "लिहून घे रे, माझ्या गळाला आहे."

"कधी लागला?"

"आत्ताच. मोठा आहे. माझ्या बायकोपेक्षा मोठा."

त्याची बायको बर्फाच्या गोदामात काम करते, तिथे वायरलेस दिवसभर चालू असतो. ती माझ्या खिडकीपाशी आली आणि आत ओरडली, "त्याला सांगा, संध्याकाळी जेवायचं असेल तर मासाच घेऊन ये म्हणावं!"

वायरलेसवर हसू पसरलं. त्या हसण्यात आणखी पाच जणांनी आपापली नावं सांगितली. एकाच्याही गळाला काही नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही. नाव दिलं की तंगूस पाण्यात ठेवायला अर्धा-पाऊण तास जास्त मिळतो, इतकंच. मी सहा नावं लिहिली.

बाराला दहा कमी असताना मी बोलावलं, "काइशो-मारु. काइशो-मारु. भावोजी?"

उत्तर नाही. चार कमी असताना पुन्हा. या वेळी ताईचा आवाज आला. "ऐकू येतंय."

"ताई, गळाला काही आहे का?"

इंजिनचा आवाज येत राहिला. इंजिन हळू चाललेलं होतं. चव्वेचाळीस वर्षं ती होडी ओळखणाऱ्याला त्यावरून समजायला हवं होतं.

"ऐकू येतंय," ती पुन्हा म्हणाली, आणि तिने माइक ठेवून दिला.

मी बारा वाजता वहीत रेघ मारली.

नंतर ताईने सांगितलं ते असं. मासा पावणेबाराला लागला होता. दोनशे हात तंगूस एका दमात गेला. मी विचारलं तेव्हा तिने माइक हातात धरून त्याच्याकडे पाहिलं. त्याने वळून पाहिलंसुद्धा नाही. नुसती मान हलवली, नाही म्हणून. तो मला नाही म्हणत नव्हता, बोलण्याला नाही म्हणत होता. बारा वाजून गेल्यावर त्याने तंगुसावरून विजेचं कडं खाली सोडलं, मासा सुन्न झाला, दोघांनी आकडी लावून आत घेतला. शेपूट काठाच्या आत आलं तेव्हा बारा वाजून बावीस मिनिटं झाली होती. मग त्याने माइक घेतला आणि म्हणाला, "काइशो-मारु. एक आला."



ते दीडच्या सुमाराला धक्क्याला लागले. नाव दिलेल्या सहांपैकी दाइगोला त्या जास्तीच्या वेळात खरंच एक लागला होता, अठ्ठ्याऐंशी किलोचा. तो तोलून झाला होता, आकडा वर गेला होता. आता सगळे काइशो-मारुच्या भोवती उभे होते. ओली गोणपाटं बाजूला केली तर मासा दिसला. कल्ले काढलेले, रक्त वाहून टाकलेलं, पोटात बर्फ. काट्यासाठी माशाचं जे जे करावं लागतं ते सगळं नीट केलेलं. मी त्याला तोललं नाही. नजरेनं सांगतो, एकशे चाळीसच्या खाली नव्हता.

सोसायटीचे चेअरमन नाराओका वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "तामेकिची, एक शब्द बोलला असतास तर."

"बोललो असतो तर राहिला असता का गळाला?"

त्याने हे खरोखर विचारलं होतं. त्याला उत्तर हवं होतं.

"सहा जणांनी नाव दिलं, सगळ्या समुद्रानं ऐकलं," नाराओका म्हणाले. "तुझं कोणीच ऐकलं नाही. आता हा घेतला तर जेवढे किलो वर जातील तेवढे पुढच्या वर्षी सगळ्यांच्या वाट्यातून कापतील. मी काय सांगू यांना?"

दाइगो नाराओकांपुढे आला. त्याचा बोलका चेहरा पार उतरला होता. "काका, माझा काढा. माझा समुद्रात टाका आणि हा घ्या. माझ्या गळाला तेव्हा काहीही नव्हतं. मी खोटं बोललो."

"आकडा गेलाय," मी म्हणालो.

"मग परत बोलाव की आकडा! फोन कर!"

"फोन करून काय सांगू? नाव तू दिलंस, मासा तुझ्या होडीत आला. कागदावर चूक कुठे आहे?"

"मग गावात वाटून टाकू," मागून कोणीतरी म्हणालं.

"धक्क्यावर उतरवला की कोट्यात धरला," नाराओका म्हणाले. "नियम आहे."

ताई इतका वेळ सुकाणूपाशीच उभी होती. ती म्हणाली, "माइक माझ्या हातात होता. मी सांगू शकले असते."

तामेकिचीने तिच्याकडे पाहिलं. "तू गप्प राहिलीस ते बरोबर केलंस," तो म्हणाला. सगळ्या दुपारभरात त्याने समजुतीचं बोललेलं हे एकच वाक्य, आणि त्याचा कोणालाच उपयोग नव्हता.

मासा परत टाकताना सोसायटीचा एक माणूस साक्षीला लागतो. मी होडीत चढलो. बाहेर प्रवाह जोरात होता, समोर होक्काइदोचा काठ राखेसारखा. जाताना तामेकिची दर थोड्या वेळाने बादलीने पाणी काढून माशाच्या पाठीवर ओतत होता. का, ते मी विचारलं नाही. हात चालत होता. मासा सुकू नये म्हणून हात ते करतो, मासा कुठे चाललाय हे हाताला कोण सांगणार?

तिघांनी मिळून तो ढकलला. तो लगेच गेला नाही. थोडा वेळ पांढरं पोट वर करून होडीला घासत राहिला, मग तिरपा होऊन खाली गेला, आणि खाली जाताना त्याचे रंग एक-एक करून सुटत गेले, आधी निळा, मग रुपेरी, मग काही नाही. मी कागदावर वेळ लिहिली. तीन वाजून पाच. तामेकिचीने माझ्यापुढे हात केला, मी पेन दिलं, त्याने सही केली.

मी रात्रभर हिशेब मांडत बसलो असं नाही. एवढंच, की चार कमी असताना मी हळू चाललेलं इंजिन ऐकलं होतं. सहा खोटी नावं मी लिहिली होती, सातवं खरं लिहायला त्यांनी बोलायची वाट पाहिली. ताईने मला काही म्हटलं नाही. तिने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

फेब्रुवारीत परवाना रद्द झाल्याचं पत्र आलं. होडीच्या केबिनवर परवान्याची पितळी पाटी असते, ती काढून सोसायटीत जमा करावी लागते. ते काम माझंच. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेलो. धक्क्यावर बर्फ पडून कडक झाला होता. ताईने थर्मासमधून चहा दिला, बरोबर मुळ्याचं लोणचं. तीन स्क्रू निघाले. चौथा मिठाने गंजून बसला होता, फिरेना.

"बाजूला हो," तामेकिची म्हणाला.

त्याने तेल घातलं, थांबला, बोटाने घासलं, पुन्हा घातलं. पाच मिनिटांनी तो सुटला. त्याने पाटी बाहीने पुसली आणि दोन्ही हातांनी धरून पाहिली.

"ही घरी ठेवता येते का?"

"नाही, भावोजी. जमा करावी लागते. पुढच्याला देतात."

"कोणाला?"

मी नाव सांगितलं. रांगेतला पहिला, पलीकडच्या गल्लीतला एक जण.

"चांगला आहे तो," तामेकिची म्हणाला. पाटी त्याने माझ्या हातात दिली आणि स्क्रू चारही मोजून माझ्या तळहातावर ठेवले.