उन्हामागचं स्टूल

शिवलिंगप्पा वाचनालयात कधी एका जागी बसत नसे. सकाळी आठला तो पश्चिमेच्या भिंतीशी असे, नऊला मधल्या टेबलाजवळ, साडेदहाला पूर्वेच्या झरोक्याखाली. काखेत पुस्तक, हातात स्टूल. सास्तूरहून आलेल्या या माणसाला बूड टेकवायचं ठाऊक नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं दुखणं वेगळं होतं. तो येईपर्यंत वर्गात पहिला नंबर माझा असायचा.

निजामी राज्य गेल्यावर उस्मानाबादेत निघालेलं आमचं कॉलेज नवं, आणि वाचनालय त्याहून नवं. उद्घाटनाच्या पाहुण्यांना दारातूनच सगळी ग्रंथसंपदा दिसावी म्हणून कपाटं भिंतींना लावली होती, ती नेमकी खिडक्यांवर. पाहुणे प्रसन्न होऊन गेले. आम्ही अंधारात राहिलो. उजेड उरला तो छताजवळच्या एका झरोक्यातला. पुस्तकं घरी न्यायची परवानगी नव्हती.

परीक्षेच्या आधी मी ठरवलं, त्याची जागा धरायची. साडेदहाला तो जिथं दिसे त्या झरोक्याखाली मी आठलाच जाऊन बसलो. शिवलिंगप्पानं आल्यावर माझ्याकडं पाहिलं आणि तो समोरच्या भिंतीशी गेला. ऊन तिथं पडलं होतं.

"मास्तर, हिकडं या की," तो म्हणाला. माझे वडील शिक्षक, म्हणून मी त्याचा मास्तर. "तिथं ऊन यायला लई येळ हाय."

"मला दिसतंय."

"काय दिसतंय?"

"पुस्तक."

"ते मलाबी दिसतंय हितनं. अक्षरं दिसत्यात का?"

ग्रंथपालांनी टेबलावर पट्टी आपटली. अडीच तास मी न दिसणारी पानं अदमासानं उलटत राहिलो. मग ऊन सरकत माझ्यापाशी आलं आणि त्यामागोमाग स्टूल घेऊन तोही.

"सरका थोडं. दोघांला पुरतंय."

मी सरकलो नाही. तो खाली फरशीवर बसून वाचू लागला. पहिला नंबर त्याचाच आला.

पुढं तो सास्तूरच्या शाळेत शिक्षक झाला, मी त्याच कॉलेजात प्राध्यापक. वाचनालय वाढवायचं ठरलं तेव्हा मी बैठकीत एवढंच म्हणालो, "कपाटं आत घ्या, खिडक्यांशी मुलांना बसू द्या." कमिटीला माझी दूरदृष्टी फार आवडली. दारावरच्या पाटीत माझंही नाव आलं. ही दृष्टी मला कुणाकडून मिळाली, ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

एकदा तो आपले विद्यार्थी घेऊन वाचनालय बघायला आला. प्रत्येक खिडकीशी कुणी ना कुणी वाचत होतं. तो एकेका खिडकीपाशी जाऊन आला. मग म्हणाला, "बघा रं, आमच्या टायमाला असं नव्हतं. हे आमच्या मास्तरांनी केलं."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी चष्मा पुसत राहिलो. टोमणा असता तर बरं वाटलं असतं. म्हणून त्याचा चेहरा नीट न्याहाळला. टोमणा नव्हता. पहिल्या नंबराचा हेवा मी कधीच पचवला होता. त्याच्या मोठ्या मनाचा हा हेवा पचणारा नव्हता.

ते सगळे एस.टी.ला गेल्यावर मी एका खिडकीशी पुस्तक उघडून बसलो. ऊन पानावर होतं. अक्षर न् अक्षर दिसत होतं. वाचनालय बंद होईपर्यंत मी एकही पान उलटलं नाही.