समाचाराला आलेले

ताजी केळी दिली म्हणून फळवाल्याशी भांडणारा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये एकच, आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. मरोळच्या कारखान्यातून निवृत्त झाले, पाठोपाठ काकू गेल्या आणि या गृहस्थांनी चक्क भुंगेरे पाळले! सडक्या फळांवर आणि झाडाच्या आंबलेल्या चिकावर येतात ना, तिळाएवढे तपकिरी, तेच. खिडकीच्या ग्रिलमध्ये ताटली, ताटलीत काळी केळी, कुजके गरे. वासाने माझे वाळत घातलेले कपडे झिंगायचे. मी तणतणत वर गेले की काका हातात भिंग देत. "बघ गो बाय, कशे आवडीन खातत!" सोसायटीने ताटली हटवायचा ठराव केला. काकांनी त्यावर मुकाट सही केली आणि घरी जाऊन परात काढली.

खरा जीव मात्र आवारातल्या फणसावर. काकूंनी गावची आठळी कुंडीत रुजवून लावलेलं झाड ते. रोज संध्याकाळी बुंध्याशी खुर्ची टाकून काका त्याला आज भाजी काय केली ते सांगत. मी स्वतः ऐकलंय.

गेल्या वैशाखात बुंध्यातून चीक गळू लागला आणि त्यावर भुंगेरेच भुंगेरे. "काकांच्याच किड्यांनी झाडाची वाट लावली," सेक्रेटरी म्हणाले. मलाही पटलं. काका डॉक्टरकडे गेलेले बघून मी औषधाची अख्खी बाटली बुंध्यावर फवारली. वाटलं, चला, म्हाताऱ्याचं झाड वाचलं.

काका आले. खाली मेलेल्या भुंगेऱ्यांचा सडा. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसून एकेक वेचून रुमालात ठेवू लागले.

"ह्येंनी नाय गो मारल्यानी झाडाक. ता आतसून आधीच कुसला. माका म्हायत होता. तुमी तोडलात असता, म्हणान बोललंय नाय. हे समाचाराक इल्ले. तुझी काकी गेली तेवा कोण इलो गो?"

मी गेले होते. दारातूनच, चप्पलसुद्धा न काढता. अजून लाज वाटते.

पावसाआधी फणस तोडला. दिवाळीनंतर काकाही गेले. मुलगा परदेशातून आला आणि तीन दिवसांत घराला कुलूप लावून परत गेला. आता समाचाराला जायचं तरी कुणाकडे?

एक काळं पडलेलं केळं घेतलं, फणसाच्या खुंटावर ठेवलं आणि आवारातच राहिलेली काकांची खुर्ची ओढून बसले. आज भाजी काय केली ते सांगितलं. रडू आवरेना. बऱ्याच वेळाने दोन भुंगेरे आले. एक केळ्यावर उतरला, एक माझ्या मनगटावर.

झटकला नाही. "बसा," म्हटलं.