ती गेली आणि पाणी आलं

आमच्या सोलापुरात चार-चार दिवस नळाला पाणी येत नाही. आलं की भरायचं काम लग्नापासून माझ्या बायकोचं. मला आणि लेकीला ती नळाजवळ फिरकू देत नसे. म्हणे, "तुमी निम्मं सांडता."

ती वारली त्या सकाळी घरात माणसं जमली होती, आणि नेमकं पाणी आलं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "भरून घ्या की, तिच्या शेवटच्या आंघोळीला लागंल."

मी नळाला पाइप लावला, तो निसटला. लेकीनं दाबून धरला, तरी निसटला. बायको कुठली चिंधी गुंडाळायची त्या मेल्या पाइपला, कोण जाणे! अंगण भिजलं, घागर कोरडीच. चिडून मी घराकडं तोंड करून ओरडलो, "अगं, ये की जरा इकडं!"

रडणारी सगळी एकदम गप्प झाली. पाणी तेवढं सांडत राहिलं.