तिचा अर्धा ग्लास

मंडळी, आज बायकोला भेटून आलो. कोर्टात. घटस्फोट दोघांनाही हवाय, अर्जावर सह्याही झाल्यात. तरी कोर्ट म्हणतं, आधी समुपदेशकासमोर बसा.

मी गावच्या दूध सोसायटीचा सचिव. सभेत खुर्च्या फेकणाऱ्यांना अर्ध्या तासात चहावर एकत्र आणतो. घरातली सभा मात्र दोन वर्षांपूर्वी तहकूब झाली आणि बायको शिरूरला माहेरी गेली.

समुपदेशक मॅडमनी तिला विचारलं, "नेमका त्रास काय?"

"ह्यांचा इनोद लोकायला, टोमणे मला," ती म्हणाली. "धा वर्षं हसले मॅडम. आता हसू येत न्हाई."

मला उत्तर सुचलं होतं, लई झकास. आयुष्यात पहिल्यांदा गिळलं.

शिपायानं दोन ग्लास पाणी आणून ठेवलं. तिनं अर्धं पाणी पिऊन ग्लास न बघताच माझ्याकडं सरकवला. टँकरच्या दिवसांत आमच्या घरची हीच रीत होती. एकच ग्लास, अर्धा तिचा, उरलेला माझा. माझा भरलेला ग्लास समोर असताना मी तिचाच उचलून प्यायलो.

मग दोघांच्याही लक्षात आलं. ती पदराशी चाळा करत बसली. मॅडमनी रिकाम्या ग्लासाकडं बघत पुढच्या महिन्याची तारीख लिहिली.

जिन्यात ती म्हणाली, "तारखेला या. पर लई बोलू नका."

घरी येऊन माठातलं पाणी घेतलं. अर्धं प्यायलो, अर्धं तसंच ठेवलंय.

महिनाभरात जीभ आवरायला शिकायचं कसं, कुणी सांगेल का?