मावसांचा निळा

माझ्या मावशीच्या यजमानांइतका बिघडलेल्या वस्तूंवर जीव टाकणारा माणूस उरण तालुक्यातच काय, अख्ख्या रायगड जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. चालू वस्तूकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. लग्नात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ इतकी वर्षं बिनतक्रार चालतंय, म्हणून मावसांनी त्याला कधी साधी किल्लीही दिली नाही. ते काम मावशीचं. पण शेजारच्यांच्या मिक्सरमधून धूर आला असं नुसतं कानावर पडू द्या, त्यांचा चेहरा असा उजळतो की बघत राहावं. मावशी म्हणते, "मी आजारी पडली का ह्यांना माझा पुळका येतो. बरी झाली का परत तोंड तिकडं."

त्यातही त्यांचा सगळ्यात लाडका म्हणजे तो जुना रंगीत मॉनिटर. काचेच्या ट्यूबचा, पाठीला भलंमोठं पोक असलेला, दोन माणसांनी उचलावा असा. मावसा न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात वायरमन होते. तिथल्या ऑफिसात सपाट स्क्रीन आले आणि हा भंगारात निघाला, तो त्यांनी मोटरसायकलवरून घरी आणला. मावशी त्या दिवशी बाजारासाठी त्यांच्यासोबत गेली होती. परतताना मागच्या सीटवर मॉनिटर बसला आणि मावशी एसटीने आली. ती पोचली तोवर तिच्या शिलाई मशीनचं टेबलही त्याला मिळालेलं होतं. मी पनवेलला कॉम्प्युटर विकतो आणि दुरुस्त करतो, पण मावसांच्या लेखी मी पापड विकतो. सपाट स्क्रीनला त्यांनी दिलेलं नाव ते. "पापड मोडला का फेकाचा. त्याच्यात उघडाला काय हाय?" असं विचारून ते मला दर भेटीत गप्प करतात.

त्यांचा मॉनिटर मात्र सदा उघडाच. पाठीमागचं झाकण मी त्यावर बसलेलं कधीच पाहिलं नाही. ते परसात उलटं पडलेलं असतं आणि मावशीची कोंबडी त्यात अंडी घालते. खाडीच्या खाऱ्या हवेने आतले सोल्डरचे सांधे हिरवे पडतात, म्हणून दर पंधरवड्याला साफसफाई निघते. त्यासाठी ब्रश मऊ लागतो, आणि मऊ ब्रश घरात दात घासायचेच असतात. मी मुक्कामाला गेलो की माझा ब्रश रात्री बॅगेत कुलूपबंद ठेवतो. हे मी अनुभवातून शिकलोय. सोल्डरच्या वासाने एकदा माझी अख्खी सकाळ गेली होती.

दुरुस्तीची शिस्त कडक. बंद केला तरी ट्यूबमध्ये वीज साठून राहते, म्हणून आधी लांब स्क्रूड्रायव्हरने ती उतरवायची. "पाय वर!" अशी आरोळी ठोकली की घरातल्या सर्वांनी पाय वर घेऊन पलंगावर बसायचं. पलंगाचा आणि विजेचा संबंध काय, हे विचारायची सोय नाही. चालू मॉनिटरमध्ये हात घालायचा तर एकच, उजवा, डावा खिशात, म्हणजे झटका छातीतून आरपार जात नाही. त्यासाठी त्यांनी शिंप्याकडून फक्त डावीकडे खिसा असलेल्या तीन हाफ पँटी शिवून घेतल्या आहेत. उजवीकडे का नको, असं शिंप्याने विचारलं, तर म्हणाले, "तो हात कामाचा हाय."

एकदा शेजारच्या घरी हळद होती. आमच्याकडची हळद म्हणजे डीजे आलाच. त्याचे माणसाएवढे स्पीकर मावसांच्या भिंतीला लागून रचले आणि त्यांच्यातल्या लोहचुंबकाने मॉनिटरच्या कोपऱ्यात जांभळा डाग पडला. मावसा तडक मांडवात गेले आणि नवऱ्यामुलाला म्हणाले, "तुझं लगीन होईल रं, पण माझ्या ट्यूबचं काय?" स्पीकर काही हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तारेचं मोठं कडं गुंडाळलं, त्यात वीज सोडली आणि डाग घालवण्यासाठी ते मॉनिटरसमोर गोल गोल फिरवायला लागले. हळदीच्या घरातल्या बायका खिडकीतून पाहत होत्या. मावसा मॉनिटरची दृष्ट काढतात, हे गावात त्याच दुपारी पसरलं. डाग मात्र गेला.

आता एवढं सगळं कशासाठी, तर सतरा फोटोंसाठी. मावसांच्या घरचं मिठागर होतं. नोकरी यार्डात केली, तरी हंगामात पहाटे मीठ ओढून, म्हणजे वाफ्यांतून काठावर गोळा करून, मग ते कामावर जात. पुढे ती जागा गोदामांत गेली. त्या आधीच्या शेवटच्या हंगामात, माझ्या पहिल्यावहिल्या कॅमेऱ्याने, मी तिथले फोटो काढून त्या मॉनिटरला जोडलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकले होते. जेवण झालं की मावसा ते ओळीने बघतात. मिठाच्या वाफ्यातलं पाणी पिकत आलं की तांबूस होतं, आणि त्या तांबूसपणाच्या छटेवरून मीठ कधी ओढायचं हे ठरतं; एका दिवसाचा उशीर झाला तरी मीठ कडू होतं. छटा ओळखणारी नजर गावात मोजक्याच लोकांना होती आणि मावसांची सगळ्यांत पक्की, हे त्यांचे भाऊबंदही कबूल करतात. "तुझ्या पापडात ह्यो रंग येत न्हाय," असं ते म्हणायचे. खरं सांगायचं तर मला तेव्हा ते हटवादीपणाचंच वाटायचं.

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. "निळा गेला. समदं पिवळं दिसतंय. माझं पाणी नासलं." मी गेलो आणि बघतच राहिलो. पिवळं काही नव्हतंच. उलट पडदा निळाशार. मीठ निळं, मिठाचे ढीग निळे, ढिगाशी उभी मावशी तर नखशिखांत निळी. ट्यूबच्या मानेजवळ तीन रंगांचे तीन छोटे स्क्रू असतात, त्यांतला निळ्याचा मावसांनी शेवटापर्यंत पिळला होता. दोन कंडेन्सर बदलले होते, सगळे सांधे नव्याने मारले होते, तरी "अजून पिवळंच" म्हणत होते. मी म्हटलं, "मावसा, हे निळं आहे." ते म्हणाले, "तुझी नजर पापडांनी बिघडवली."

मावशीने मला चहाच्या निमित्ताने आत बोलावलं. "चार महिने झालं," ती हळूच म्हणाली. "कालवणात हळद जास्त म्हनतान. पांढरी भिंत दोनदा रंगवली, तरी म्हनतान पिवळी. तू मशीन नको बघूस, त्यांचं डोळं बघ. मना सांगाची हिंमत व्हत न्हाय. त्या नजरेचा लय अभिमान हाय त्यांना."

माझीही हिंमत होत नव्हती. शेवटी मावसांचीच शिकवण कामाला आली. ज्या भागाचा संशय असेल, तो बाजूला ठेवून दुसरा लावून बघायचा. मी तेच फोटो माझ्या लॅपटॉपवर घेतले आणि त्यांच्यापुढे धरले. "ह्याचा पन निळा गेलाय," ते विजयाने म्हणाले. दोन मशीनचा एकच रंग एकाच वेळी जात नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी अंगातल्या पांढऱ्या बनियनकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मग एक डोळा हाताने झाकला, तो काढून दुसरा झाकला, पुन्हा पहिला. बराच वेळ हे चाललं.

"डावा जास्त खराब हाय," ते म्हणाले, आणि पलंगावर जाऊन बसले.

मोतीबिंदू होता. ऑपरेशन साधं, तासाभरात घरी सोडतात, मी नाना परीने सांगितलं. पण जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तू उघडणारा हा माणूस स्वतःला उघडू द्यायला घाबरला. दुखण्याची त्यांना भीती नव्हती. "दुसरी काच घालतील ना आत?" त्यांनी विचारलं. "तिच्यातून माझं पाणी तसंच दिसंल काय? का भलत्याच रंगाचं? मग मना कसं कळंल, कुठला खरा?" आयुष्यात पहिल्यांदा मला मावसांची थट्टा सुचली नाही. ते तयार झाले ते मावशीमुळे. ती एवढंच म्हणाली, "तुमाला मना पिवळी बघत बसाचं हाय काय मरंपर्यंत?"

पनवेलला डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली, काळा चष्मा उतरला, डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि त्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी काढून गेलो. मावसांनी मॉनिटर चालू केला. पडदा उजळला मात्र, ते ओरडले, "अरे देवा! इतके महिने मना ह्ये बघू दिलात?"

"सांगितलं असतं तर आयकलं असतं?" मावशी म्हणाली.

आता निळा उतरवायचा होता. डावा हात खिशात गेला, उजव्यात स्क्रूड्रायव्हर. पण उजवा डोळा अजून जुनाच आणि तो मध्ये मध्ये पिवळं दाखवत होता. झाकायला तिसरा हात कुठून आणायचा? मावशी उठली आणि मागे उभं राहून तिने आपला तळवा त्यांच्या उजव्या डोळ्यावर ठेवला. मावसा स्क्रू केसभर फिरवत, थांबत, पुन्हा फिरवत. ढीग पांढरे झाले. फोटोतल्या मावशीच्या लुगड्याचा हिरवा आला. मग वाफ्यातलं पाणी हळूहळू तांबूस व्हायला लागलं आणि एका क्षणी त्यांचा हात थांबला.

ते पडद्याजवळ वाकले. मी मीठ कधी ओढलेलं नाही, मला त्या रंगात काय वाचायचं असतं ते आजही कळत नाही. पण त्यांना ते पुन्हा वाचता येतंय की नाही, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होतो.

"झालं," मावसा म्हणाले. "उद्या सकाळी ओढाला पायजे. परवावर ठेवलं तर कडू व्हईल."

त्या वाफ्यावर आज कुलूपबंद गोदाम उभं आहे, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी उगाचच वायरी गोळा करायला लागलो.

मावशीने डोळ्यावरचा हात काढला नव्हता. "मग लवकर जेवा," ती म्हणाली. "पहाटे उठाचं हाय."