वीज गेली की सोलरही बंद

मंडळी, ब्रह्मा घाटावरच्या आमच्या छतावर आठवडाभर दर तासाला खडूने सावली आखतोय. सोलर स्वतःच बसवायचं म्हणून माहितीपुस्तिकेतली प्रत्येक ओळ तीनदा वाचतो. आज दुपारी एका ओळीपाशी अडलो. सरकारी लाईनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं सोलर वीज गेली की आपोआप बंद पडतं.

आईला उकाड्यात धाप लागते. वीज गेल्यावर तिचा पंखा चालावा, यासाठीच तर हा खटाटोप.

घाबरतच तिला सांगितलं.

"बंद का रे?"

"आपली वीज लाईनीत गेली तर खांबावरच्या लाइनमनला झटका बसेल."

"मग शहाणंच आहे की तुझं मशीन! कुणाचं तरी पोर असतं खांबावर."

आणि हातातला बेना, म्हणजे हातपंखा, माझ्याकडेच हलवू लागली. "तूच बघ किती पसीना पसीना झालायस."

एका पंख्यापुरती बॅटरी कुणी जोडली आहे का? नीट समजावून सांगाल?